प्रेमाबाईचं ताठ कुंपण

समजा, तुमच्याकडं केशर आंब्याची ऐंशी रोपं आहेत. तिसरं वर्ष, प्रत्येक रोप तुमच्या छातीला लागेल एवढं. पश्चिमेला गायरान आहे. तिथं अकरा हरणांचा कळप राहतो आणि झुंजुमुंजू झालं की कोवळी पालवी शोधत खाली उतरतो. तारेच्या जाळीची ऐपत नाही. कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन होतं, त्याची बॅटरी मागच्या पावसाळ्यात गेली. मग तुम्ही जुन्या साड्या गोळा कराल. दर आठ पावलांवर बाभळीची मेढ रोवाल, छातीच्या उंचीवर सुतळी ओढाल आणि दोन मेढींमध्ये एकेक साडी आडवी टांगाल. हरणाला उडी जड नाही, पण पलीकडचं दिसत नसेल तर ते सहसा उडी घेत नाही. इथवर सगळं सोपं. आता एकच गोष्ट ठरवायची राहिली. साडीचा खालचा काठ बांधायचा, की मोकळा सोडायचा?

घाईनं उत्तर देऊ नका. सास्तूरच्या प्रेमाबाईनं ह्या एवढ्याशा गोष्टीपायी दोन हंगाम आणि तिसाच्या वर रोपांचे शेंडे घालवले.

प्रेमाबाई पन्नाशीला एक-दोन वर्षं कमी असेल. माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. तीस वर्षं मराठी बोलून झाली, तरी मोजदाद अजून कानडीतच करते. भाकरी असोत, पोती असोत की रोपं, ओठांतल्या ओठांत 'ऒंदु, एरडु, मूरु' चालतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हा सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. एका शेडमध्ये दोन जावा आणि एक चूल. मोठी जाऊ दगडाबाई. प्रेमाबाई तिला अक्का म्हणते. अक्काची भाकरी तव्यावर टाकली की टम्म फुगायची. प्रेमाबाईची एका बाजूनं फुगायची आणि दुसऱ्या बाजूनं फुसकन बसायची. सासू काही बोलत नसे, नुसती अक्काची भाकरी आधी उचलून घेई. हेवा सुरू झाला तो तिथून.

प्रेमाबाई वाईट बाई नव्हे. गल्लीत कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन निघणाऱ्यांत ती पहिली. फक्त अक्काचा डबा आधी पोचल्याचं कळलं, तर ती वाटेतूनच परत फिरते. पुढं पक्की घरं मिळाली, ती शेजारी शेजारी. मधली भिंत एकच. अक्काकडं फोडणी चरचरली की प्रेमाबाई वासावरून ओळखते आणि आपल्या आमटीत चमचाभर तेल जास्त घालते. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा दहा एकर शिवाराच्या मधोमध एक बांध पडला. बांधाच्या ह्या बाजूला प्रेमाबाई आणि तिचा नवरा बंडप्पा, त्या बाजूला अक्का, तिचा मुलगा शिवराज आणि त्याची बायको शिवानी.

शिवानीवरूनही प्रेमाबाईच्या पोटात दुखायचं. पोरगी कृषी पदविका घेऊन आली होती, पाठ वाकवून काम करायची आणि वर सासूच्या हो ला हो मिळवायची. प्रेमाबाईचा सिद्धाराम पुण्यात कंपनीत होता आणि सून बघायला गेलं की 'आई, पुढच्या वर्षी' म्हणायचा.

आंबा लावला तो दोघींनी एकाच दिवशी. एकाच रोपवाटिकेची रोपं, एकाच टेम्पोतून आली, ऐंशी इकडं, ऐंशी तिकडं. पहिल्या दिवाळीला प्रेमाबाई एक तुराटी घेऊन आपल्या रोपांची उंची मोजून आली. मग अक्का बाजाराला गेलेली बघून बांध ओलांडला आणि तिचीही मोजली. आपली रोपं चार बोटं उंच! त्या रात्री तिनं बंडप्पाला न मागता शेवयाची खीर वाढली. त्यानं वाटी संपवली आणि मग विचारलं, "आज काय हाय?"

"काय न्हाय. खावा."

त्याच हिवाळ्यात गायरानातली हरणं खाली उतरायला लागली.

दोन्ही घरांनी साड्यांची कुंपणं केली. पण बांधाच्या दोन्ही बाजूंची कुंपणं शेजारी ठेवून बघितली असती, तर दोन वेगळ्या गावांची वाटली असती. अक्कानं लोहाऱ्याच्या बाजारातून किलोवर मिळणाऱ्या फाटक्या साड्या आणल्या. जिथं साडी पुरली नाही तिथं धोतर, धोतर पुरलं नाही तिथं शिवराजच्या शाळेच्या वेळच्या जुन्या चादरीचा तुकडा. वरून गाठ मारली आणि खाली सोडून दिलं. वारा आला की सगळं लोंबतं, फडफडतं, जमिनीवर आपटतं.

प्रेमाबाईला असलं चालणारं नव्हतं. सास्तूर-लोहारा रस्ता तिच्या शेताला लागून जातो. तिनं ट्रंक उघडली. प्रत्येक घरात असते तशी तिच्याकडंही आहेराच्या साड्यांची थप्पी होती, कुणी नेसत नाही, ह्या लग्नातून त्या लग्नात फिरतात अशा. त्या तिनं काढल्या, साबणानं धुतल्या, लाल-पिवळी-हिरवी असा क्रम लावला. खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर दुसरी सुतळी ओढली, साडीचा काठ दुमडून तिला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या. गाठ तिच्या माहेरची, दोन वेढे देऊन उलटी ओढायची. सुटत नाही आणि सैलही पडत नाही. एकही सुरकुती नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मांडव घातलाय.

रस्त्यानं जाणाऱ्या बाया हाक मारायच्या, "प्रेमाबाई, कुणाचं लगीन काढलंव ओ?"

"हरणाचं!" ती म्हणायची आणि दिवसभर खुशीत असायची.

ह्या खुशीत एकच खडा होता. अक्काच्या त्या चिंध्यांमध्ये, गायरानाच्या बाजूच्या कोपऱ्यावर, एक पोपटी साडी लटकत होती. मरून काठाची. शिवराजच्या लग्नात प्रेमाबाईनंच आहेर केलेली, उमरग्यात तीन दुकानं फिरून घेतलेली.

"अवो, बघिटलाव का?" तिनं बंडप्पाला शेतातच गाठलं. "म्या दिल्याली साडी. हरणाफुडं टांगलीय."

"मग काय हरणाला नेसवायला पायजे व्हती?"

"हसू नगा. अख्खा गाव जातो रस्त्यानं."

"अगं, तू बी टांगलीसच की अक्कानं दिल्याल्या दोन. ती बघ, ती निळी."

"ती फिक्की व्हती."

"आता तर लईच फिक्की झालीय," असं म्हणून बंडप्पा मोटार सुरू करायला निघून गेला.

पहिला महिना कुंपण टिकलं. मग एका सकाळी प्रेमाबाईला चार शेंडे खाल्लेले दिसले. हरणाला पुढचे वरचे दात नसतात. ते पान कापत नाही, ओढून तोडतं, त्यामुळं शेंडा फाटल्यासारखा दिसतो. असे फाटके शेंडे आठवड्याला वाढत गेले. दोन रोपांची साल काळविटानं शिंगं घासून सोलून काढली. 'मूवत्तोंदु' म्हणजे एकतीसवर प्रेमाबाईची कानडी थांबली. अक्काकडं शेंडे गेले होते चार.

हरणं येतात ह्याचं तिला एवढं वाटलं नाही. हरणं सगळ्यांकडंच येतात. पण बांध एक, माती एक, रोपं एक, मग ती अक्काचं सोडून आपलंच कसं खातात? ती अक्काला विचारू शकत होती. बांधावर उभं राहून हाक मारायची, एवढंच काम. पण विचारलं म्हणजे अक्काला काहीतरी जास्त कळतं हे तोंडानं कबूल केल्यासारखं झालं. त्यापेक्षा तिनं न्हाव्याकडून केसांचं पोतं आणून कडेनं पसरलं. फिनेलच्या बाटल्या टांगल्या. नासकी अंडी पाण्यात कालवून रोपांवर शिंपडली.

"प्रेमा," अक्का बांधापलीकडून नाकाला पदर लावून म्हणाली, "काही मेलंय का गं तिकडं?"

"खत घातलंय, अक्का. इलायती."

"आसं व्हय. शिवानीला विचारते, आपल्याला मिळतं का."

शेवटी तिसऱ्या वर्षी, पौषातल्या एका पहाटे प्रेमाबाई उसाच्या पाचटानं शाकारलेल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसली. अंगावर घोंगडं, हातात काही नाही. हाकलायचं नव्हतं, बघायचं होतं. तांबडं फुटायच्या वेळेला हरणं आली. पुढं काळवीट, मागं माद्या. ती सरळ अक्काच्या कोपऱ्याकडं निघाली. प्रेमाबाईच्या काळजात लख्ख झालं, चला, एकदा तरी तिकडं! तेवढ्यात गायरानावरून वारा आला. पोपटी साडीचा मोकळा काठ वर उडाला आणि फाडकन खाली आपटला. काळवीट जागच्या जागी उडालं आणि मागं वळलं. कळप बांधाच्या कडेनं प्रेमाबाईच्या कुंपणापाशी आला. तिथं काहीच हललं नाही. रंगीत, धुतलेलं, ताठ कुंपण. पहिल्या महिन्यात हरणांना ते भिंतीसारखं वाटलं असेल. पण भिंत रोज बघितली की सवयीची होते आणि ह्या भिंतीखाली गुडघ्याएवढी फट होती. माद्यांनी मान खाली घातली, पाय मुडपले आणि एकेक करून आत आल्या.

प्रेमाबाई माळ्यावर तशीच बसून राहिली. खाली तिची रोपं चटाचटा तुटत होती आणि डोक्यात एकच घोळत होतं. आपली साडी! आपण पैसे देऊन आणलेली साडी अक्काची राखण करतेय आणि आपल्याच शेतात हरणं हाकलून देतेय!

उपाय कळला होता. उतरायचं, आपल्या साड्यांच्या खालच्या गाठी सोडायच्या. दुपारपर्यंतचं काम होतं. पण प्रेमाबाईनं ते केलं नाही. दुपारी अक्का आणि शिवानी जेवायला घरी गेल्यावर तिनं बांध ओलांडला. कोपऱ्यावरच्या तीन साड्यांच्या खाली सुतळी ओढली, पोपटी साडीचा काठ दुमडला, दोन वेढे दिले, उलटं ओढलं. काही फाडलं नाही, काही चोरलं नाही. उलट नीटच केलं की, ती स्वतःशी म्हणाली. साड्या कशा छान ताठ बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळप त्या तीन साड्यांखालून अक्काच्या शेतात गेला. नऊ शेंडे. ऊन वर आल्यावर अक्का रोपारोपापाशी वाकून बघत होती. प्रेमाबाई आपल्या बाजूनं ते बघत होती आणि पोटात गार गार वाटत होतं. आता ये म्हणावं विचारायला.

अक्का आली नाही. दुपारी मात्र ती आणि शिवानी सुतळीचं बंडल घेऊन कुंपणाला लागल्या. सगळ्या साड्या खालून बांधत चालल्या होत्या. प्रेमाबाईला राहवलं नाही. ती बांधावर आली.

"काय करायलीस, अक्का?"

"तुझ्यावानी करायलाव." अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घामानं कपाळावरचा विभूतीचा पट्टा पुसट झाला होता. "ह्या तीन साड्या शिवराजनं का कुणी बांधल्या की काय, बघ कशा देखण्या दिसायल्यात. हरणं शिरली ती ह्या लोंबणाऱ्या चिंध्यांखालनं शिरली असतील." ती थांबली, आणि जरा हसून म्हणाली, "दोन वर्सं झाली बघायलाव तुझं कुंपण. रस्त्यानं जाणारा माणूस तुझ्याकडं बघतो आन मग माझ्याकडं बघून हसतो. म्हनलं, प्रेमाचा हातच नेटका. आपल्याला न्हाय तसं जमत."

तीस वर्षं. फुगलेल्या आणि न फुगलेल्या सगळ्या भाकऱ्या, आधी पोचलेले सगळे डबे, आणि हे एक वाक्य.

खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं: अक्का, तुझंच बरोबर होतं, माझं कुंपण हरणांच्या उपयोगाचं, आपल्या नाही. पण अक्कानं जन्मात एकदा जे कौतुक केलं, ते नेमकं ह्याच कुंपणाचं. ते खोटं ठरवायचं कसं? प्रेमाबाई म्हणाली, "बांध की. बेस दिसंल."

आणि घरी आली.

पुढचे तीन दिवस प्रेमाबाईच्या आयुष्यातले सगळ्यात विचित्र दिवस असावेत. हरणांना आता दोन्ही शेतं मोकळी होती. अक्काची रोपं रोज जात होती. प्रेमाबाईचीही जात होती, कारण तिनं आपल्या गाठी सोडल्या असत्या तर अक्कानं बांधावरून ते बघितलं असतं आणि विचारलं असतं. मग ती गाठी तशाच ठेवून रोज सकाळी फाटके शेंडे मोजत होती. रस्त्यानं जाणाऱ्या बाया आता दोन्ही कुंपणांचं कौतुक करत होत्या. एकीनं तर म्हटलं, "दोघी जावांचं किती एक हाय बघा!"

बंडप्पा रात्री जेवताना म्हणाला, "आपलं बी खायलेत, अक्काचं बी खायलेत. आता तरी तुला बरं वाटायलंय का?"

"मला काय बरं वाटायचंय?"

"न्हाय, तोंड तर कडू करून बसलीस."

ती भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसली.

चौथ्या दिवशी दुपारी अक्का स्वतः बांध ओलांडून आली. हातात वीतभर सुतळी. मागं शिवानी. अक्का प्रेमाबाईच्या समोर मातीत मांडी घालून बसली, जशी शाळेतली पोरं बसतात.

"आमच्या गाठी सुटायल्यात गं. हरणं आत शिरतात. त्या तीन साड्यांच्या तेवढ्या सुटल्या न्हाईत. तुझ्या बी सुटत न्हाईत. शिकव मला."

अक्कानं तिचा सल्ला आजवर कधी विचारला नव्हता. मीठ किती घालू, हेसुद्धा नाही. प्रेमाबाईनं सुतळी घेतली. दोन वेढे दिले. हे बघ, अक्का, असं, आणि मग उलटं. अक्काचे जाड, सांध्यांत सुजलेले हात तिच्या हातांमागोमाग हलत होते, चुकत होते, पुन्हा हलत होते. सत्तावीस शेंडे गेले होते अक्काचे, शिवानीनं वहीत लिहून ठेवलं होतं. ही गाठ पक्की शिकून अक्का परत जाईल, आणि उरलेली रोपंही घालवून बसेल.

"सोड," प्रेमाबाई म्हणाली.

"आँ?"

"गाठ नगं, अक्का. खालची गाठच सोड. सगळ्या साड्या मोकळ्या सोड, पयल्यासारख्या. काठ हलला की हरीण बुजतं. ताणून बांधलं की त्याला भ्या वाटत न्हाय, खालनं सरपटत येतं."

"काकू, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" शिवानीनं विचारलं.

"म्या बघिटलं."

"कधी?"

"आज पहाटं," प्रेमाबाई म्हणाली.

शिवानी विचारात पडली. शिकलेली पोर, एक गोष्ट कळली की तिला मागची दुसरी लगेच दिसायची. "म्हणजे आमचं पहिलं बरोबर होतं. त्या तीन साड्या बांधल्या, तिथूनच सुरू झालं. पण त्या बांधल्या कुणी? ह्यांना विचारलं, ते म्हणाले मी नाही."

प्रेमाबाईनं मान खाली घातली. तिच्या हातात अर्धी बांधलेली गाठ होती, आळंदकडची, जी सास्तुरात दुसरं कुणी मारत नव्हतं. अक्कानं ती तिच्या हातातून घेतली. फिरवून बघितली. दोन वेढे, उलटं ओढलेलं टोक. मग सुतळीचं टोक ओढून ती उकलून टाकली.

"म्याच बांधल्या असतील," अक्का म्हणाली. "वय झालंय. ध्यानात ऱ्हात न्हाय आता."

"पण अत्या, तुम्हीच तर म्हणालात की ह्यांनी..."

"म्हनलं असंल. ऊठ, दिवस मावळायच्या आत गाठी सोडू." गुडघ्यावर हात टेकून अक्का उठली. जाता जाता वळून म्हणाली, "तुझ्या बी सोड, प्रेमा. देखण्यापणाला हरणं भीत न्हाईत."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्ही शेतांतल्या गाठी सुटल्या. लाल-पिवळ्या-हिरव्या साड्या वाऱ्यावर कशाही फडफडायला लागल्या आणि रस्त्यावरून आता मांडव दिसत नव्हता. कळप गेले दोन महिने पलीकडं महालिंगप्पांच्या हरभऱ्यात चरतोय. महालिंगप्पा रोज शिव्या देतात आणि जुन्या साड्या मागत फिरतात. खाल्लेल्या रोपांपैकी निम्म्यांना खालून फूट आली. शिवानी येऊन दोन्ही शेतांत नेमकी कुठली फांदी ठेवायची ते सांगून गेली. प्रेमाबाईच्या शेतातही तेवढ्याच मन लावून.

अक्का त्या तीन साड्यांबद्दल पुन्हा काही बोलली नाही. भिंतीपलीकडून फोडणीचा आवाज येतो, नेहमीसारखी हाक येते, "प्रेमा, ताक पायजे का?" प्रेमाबाई हाकेत काही वेगळं आहे का ते ऐकायचा प्रयत्न करते. कधी वाटतं, अक्काला काहीच कळलं नसेल, खरंच विसरली असेल. कधी वाटतं, गाठ बघताक्षणी तिनं ओळखलं. आणि मग जुना हेवा जागा होतो, भाकरीपासूनचा. ओळखूनही सुनेसमोर सगळं स्वतःवर घेतलं असेल, तर ह्यातही अक्काच मोठी ठरली. निदान भांडली असती, बांधावर उभं राहून चार शिव्या दिल्या असत्या, तर दोघी सारख्या तरी झाल्या असत्या.

ताक घ्यायला गेल्यावर, भांडं हातात घेता घेता, विचारायचं म्हणून प्रेमाबाई रोज ठरवते. अक्काच्या उंबऱ्यापर्यंत प्रश्न ओठांवर येतो, आणि तिथंच अडतो:

"अक्का, खरं सांग, तुला ठाऊक व्हतं का?"